नेटका फाटका आवाज

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे चांगला आवाज मोजूनमापून बिघडवण्याचे यंत्र. तळहातावर मावेल एवढी धातूची डबी, वर दोन-तीन फिरवायची बटणे, पायाने दाबायचा एक खटका आणि नऊ व्होल्टची वीज, एवढाच त्याचा संसार. गिटारची वायर एका कुशीतून आत शिरते, दुसऱ्या कुशीतून निघून अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, जाते आणि मधल्या चार बोटांच्या अंतरात आवाजाचे जे काही होते त्यासाठी शहाणीसुरती माणसे मुदत ठेव मोडतात.

विजेच्या शास्त्रात या प्रकाराची नोंद दोष म्हणून होते. अॅम्पला सोसवेल त्याहून मोठा संकेत दिला की लहरींचे शेंडे छाटले जातात. गोल टेकडीचे पठार होते आणि त्या छाटणीतून मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश जन्माला येतात. मांडवातल्या भोंग्याचे असे झाले की मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडते, "आवाज फाटतोय, जरा कमी करा!" गिटारवाला मात्र नेमक्या त्याच क्षणी डोळे मिटून मान डोलावतो. त्याच्या भाषेत याला टोन म्हणतात.

हे वेड फार परके मानण्याचे कारण नाही. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीचा माथा कानसेने घासून घासून आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तार घोडीला नेमकी किती चाटावी हे ठरवतात. तार मुळीच चाटली नाही तर आवाज स्वच्छ पण मुका येतो. जास्त चाटली तर पत्रा वाजल्यासारखा. या दोहोंच्या मधे कुठेतरी स्वरांशांचा जो गुंजारव उठतो ती जवारी. ओव्हरड्राइव्ह ही विजेची जवारी आहे. फरक एवढाच, की जवारी लावणारा आधी तंबोरा बघतो आणि मग दोऱ्याला हात घालतो. पेडल घेणारा आधी पेडल घेतो, आणि आपली गिटार कोणती व अॅम्प कोणता याची चौकशी नंतर सुरू करतो. निवडीतले निम्मे घोटाळे या उलट्या क्रमातून होतात.

फाटक्या आवाजाचा इतिहास म्हणजे मोडतोडीची यादी आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा विली किझार्ट या वादकाचा अॅम्प प्रवासातच जायबंदी झाला होता. त्याच्या स्पीकरला कागदाचे बोळे कोंबून कसेबसे उभे केले, आणि त्या जखमी यंत्राचे बरळणेच लोकांना आवडले. १९५८ साली लिंक रे याने 'रंबल'साठी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडल्याचे सांगतात. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या वेळी नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातच बिघाड झाला. तो दुरुस्त करण्याऐवजी पुढल्याच वर्षी तसाच आवाज देणारी माइस्ट्रो फझ-टोन ही पेटी बाजारात आली. १९६४ साली लंडनमध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरवर सरळ दाढीचे पाते चालवले. घरातल्या वस्तू फोडून नाव कमावण्याची अशी संधी मुलांना क्वचितच मिळते.

याहून सभ्य मार्ग एकच होता, तो म्हणजे अॅम्पचे बटण जाईल तितके पुढे नेणे. त्या काळचे अॅम्प व्हॉल्व्हवर चालत. जुन्या रेडिओत तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्या, त्याच या. अमेरिकेत त्यांना ट्यूब म्हणतात. व्हॉल्व्हचा गुण असा की क्षमता संपत आली तरी तो एकदम नकार देत नाही, आधी कुरकुरतो, मग थोडा वाकतो आणि मग फाटतो. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार आणि मार्शल अॅम्प असाच चढवून वाजवला, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचे कान कायमचे बिघडले. अडचण अशी की तो फाटका आवाज मिळेपर्यंत भिंती हलू लागतात. लहान अॅम्प घेऊनही सुटका पुरती होत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते, म्हणजे शंभर वॉटचा अॅम्प दहा वॉटच्या अॅम्पच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. उलट वाचायचे तर, दहा वॉटचा अॅम्प शंभरच्या तब्बल निम्मा मोठा असतो. रविवारी दुपारी वरणभातानंतर आडव्या झालेल्या इमारतीला हा निम्माही पुरतो.

म्हणून अॅम्प न ओरडता ओरडल्यासारखा वाटावा अशी डबी जपानी कारखान्यांनी काढली. बॉसचे ओडी-१ हे पेडल १९७७ साली आले. १९७९च्या सुमारास आयबानेझ या नावाने ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ आले आणि आजही या धंद्यातली अर्धी पेडले त्याची मुले, नातवंडे किंवा अनौरस संतती आहेत. ट्यूब स्क्रीमरमध्ये ट्यूब नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आत असते ती ४५५८ या क्रमांकाची अगदी सामान्य चिप आणि लहरींचे शेंडे हळुवार छाटणारे डायोड. पुढे १९८२ साली टीएस-९ आले. दोघांच्या परिपथात मुख्य फरक आहे तो बाहेर पडण्याच्या टोकाशी असलेल्या दोन रेझिस्टरांचा. त्या दोन रेझिस्टरांवरून चाललेला वाद आता चाळिशी ओलांडून गेला आहे आणि प्रकृतीने ठणठणीत आहे.

खरेदीला जाण्यापूर्वी या घराण्यातली भावंडे ओळखता आली पाहिजेत. ओव्हरड्राइव्हचा स्वभाव एसटीच्या कंडक्टरसारखा असतो. सुटे पैसे पुढे केले तर शांत, पाचशेची नोट काढली की आवाज चढतो. म्हणजे तार हलक्या हाताने छेडली तर स्वच्छ, जोराने मारली तर फाटका. डिस्टॉर्शन म्हणजे नळावरचे भांडण; कोणी हळू बोलो वा जोरात, पट्टी एकच. फझ म्हणजे आत चमचा राहिलेला मिक्सर. बॉसचे डीएस-१ डिस्टॉर्शन आहे आणि एसडी-१ ओव्हरड्राइव्ह. दोन्हींचा आकार एकच आहे, एक नारिंगी आणि दुसरे पिवळे, आणि एक मागून दुसरे घेऊन येणारे काका घरोघरी असतात.

बहुतेक ओव्हरड्राइव्हवर तीन बटणे असतात. ड्राइव्ह म्हणजे आवाज किती फाडायचा, टोन म्हणजे फाटल्यावर किती चिरका ठेवायचा आणि लेव्हल म्हणजे हे सगळे किती मोठ्याने जगाला ऐकवायचे. नवशिका पहिले बटण शेवटपर्यंत फिरवतो, दुसऱ्याला हात लावत नाही आणि तिसऱ्याचा उपयोग त्याला पाच वर्षांनी कळतो. खरे तर व्हॉल्व्ह अॅम्पसाठी तिसरे बटणच सर्वांत मोलाचे. पेडलने आवाज स्वतः फार न फाडता नुसता मोठा करून पुढे ढकलला की अॅम्प आपणहून फाटू लागतो. काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे आणि नाव आपले लावायचे, ही कार्यालयीन कला इथे विजेच्या रूपात दिसते.

आता गिटार. तारेखालचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग, एका वेटोळ्याचा आहे की दोन वेटोळ्यांचा, हा पहिला प्रश्न. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर एकेका वेटोळ्याचे तीन पिकअप असतात. त्यांचा आवाज पातळ, चमकदार आणि स्पष्ट असतो, आणि सोबत विजेची घरघर मोफत मिळते. भारतात घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या जी स्वराच्या किंचित वर. फुकटचा तंबोरा मिळतो, पण बेसूर. अर्थिंग धड नसेल तर तो अधिकच तन्मयतेने वाजतो, आणि ओव्हरड्राइव्ह सुराइतक्याच आपुलकीने त्यालाही मोठा करते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन वेटोळी एकमेकांना उलट जोडून ही घरघर परस्पर खोडून काढली. त्या पिकअपला हंबकर म्हणतात. लेस पॉलवर तो १९५७पासून बसला. हंबकरचा आवाज जाड, गरम आणि जोरकस असतो, म्हणून तेच पेडल त्याच जागी बटणे ठेवूनही हंबकरपुढे जास्त फाटते. मित्राकडे ऐकलेले पेडल घरी आणल्यावर भलताच आवाज देते, त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो. मित्राची गिटार आणलेली नसते, एवढेच.

गिटारवर आवाजाचे एक बटणही असते. ते थोडे मागे घेतले की चांगले ओव्हरड्राइव्ह स्वच्छ होते, पुढे नेले की पुन्हा फाटते. अनेक वादकांना हे बटण आपल्या गिटारवर आहे याचा शोध तिसरे पेडल विकत घेतल्यावर लागतो.

अॅम्पची तीन मोठी घराणी आहेत. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बसारख्या अमेरिकन अॅम्पचा आवाज खाली भरदार, वर लख्ख आणि मधे खोलगट. ट्विन ८५ वॉटचा. तो फाटेपर्यंत थांबायचे म्हटले तर आधी ऐकणाऱ्यांचा धीर फाटतो. इंग्लंडमध्ये जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराने १९६२ साली फेंडरच्याच बासमन अॅम्पचा नमुना समोर ठेवून आपला पहिला अॅम्प करवून घेतला. त्यातून जे घराणे निघाले त्याचा मधला आवाज पुढे आलेला आणि स्वभाव तापट. तिसरा व्हॉक्स एसी-३०, बीटल्सच्या हातचा; वरच्या पट्टीत घंटेसारखा किणकिणणारा.

पेडलची निवड म्हणजे या घराण्यांत काय कमी आहे ते पाहून तेवढेच देणे. ट्यूब स्क्रीमर खालचा आवाज कापते आणि सुमारे ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग फुगवते. स्ट्रॅटोकास्टर पातळ, फेंडर अॅम्प मधे खोलगट. त्या खड्ड्यात हा फुगवटा अचूक बसतो. टेक्ससच्या स्टीव्ही रे वॉनने याच त्रिकुटावर नाव केले. याउलट स्ट्रॅटोकास्टर, फेंडर आणि मधला आवाज आणखी कापणारे पेडल अशी जुळणी केली तर दुष्काळात तेरावा महिना. घरी एकट्याने वाजवताना ती भव्य वाटते, आणि बँडमध्ये ड्रम व बास सुरू झाले की गिटारवाला नुसता हातवारे करताना दिसतो.

लेस पॉल आणि मार्शल या जोडीला मधल्या आवाजाची ददात नसते. तिथे फुगवटा नको, मोकळी हवा हवी. त्यासाठी कमी फाडणारी आणि वरखाली फारशी ढवळाढवळ न करणारी पेडले बरी. खुद्द मार्शलने १९९१ साली काढलेले ब्लूजब्रेकर पेडल त्यातले. तरीही धातुसंगीतवाले, म्हणजे हेवी मेटलवाले, याच जोडीपुढे ट्यूब स्क्रीमर लावतात, तेही ड्राइव्हचे बटण शून्यावर आणि लेव्हल टोकाला ठेवून. त्यांना फाडणे नकोच असते. अॅम्प मुळातच पुरेसा फाटलेला असतो. त्यांना पेडलचा खालचा आवाज कापण्याचा गुण हवा असतो, ज्याने जाड तारांचा चिखल घट्ट होतो. ओव्हरड्राइव्ह विकत घेऊन ते ओव्हरड्राइव्ह न करता वापरणे ही या शास्त्रातली सिद्धावस्था आहे. व्हॉक्सला मात्र लख्ख पेडल टोचते. बॉसचे १९९५ सालचे ब्लूज ड्रायव्हर मुळात चमकदार. ते एसी-३०पुढे लावायचे तर टोनचे बटण डावीकडे न्यावे, नाहीतर दातात कळ येते.

वरचे सगळे नियम व्हॉल्व्ह अॅम्पचे झाले. घरात बहुधा ट्रान्झिस्टरचा अॅम्प असतो, आणि ट्रान्झिस्टरला कुरकुर माहीत नाही. तो शेवटपर्यंत हो म्हणतो आणि मग तोंडावर दार आपटतो. त्याला लेव्हलने कितीही ढकलले तरी गोड फाटका आवाज येत नाही. १९७५ सालचा रोलंड जेसी-१२० तर स्वच्छपणासाठीच प्रसिद्ध आहे. त्याला लाडाने फाडू पाहणे म्हणजे पांढऱ्या शर्टाच्या इस्त्रीवाल्याला मळलेले कपडे दाखवणे. अशा अॅम्पपुढे फाडण्याचे सगळे काम पेडललाच करावे लागते. म्हणून तिथे ड्राइव्ह जास्त, लेव्हल बेताची, आणि पेडल असे घ्यावे जे स्वतःच छोट्या अॅम्पसारखे वागते. मार्शलचे १९८८ सालचे गव्हर्नर या कल्पनेचा नमुना. डिजिटल अॅम्प असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. त्याच्या यादीत ट्यूब स्क्रीमरची नक्कल बहुधा आधीच भरलेली असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्यांची संख्या या वर्गात सर्वाधिक आहे.

काही पेडले स्वतःला पारदर्शक म्हणवतात. गिटारचा मूळ आवाज न बदलता फक्त फाडतो, असा त्यांचा दावा. फाडल्यावर मूळ आवाज मूळ कसा राहतो हा प्रश्न पारदर्शक कारभाराइतकाच नाजूक आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की मधला फुगवटा कमी आणि खालचा आवाज शाबूत. स्वतःची गिटार आणि अॅम्प आवडत असेल त्याला ही पेडले मानवतात. आवडत नसेल तर पेडल पारदर्शक असल्याने आतले सगळे दिसते.

या जातीचे कुलदैवत म्हणजे क्लॉन सेंटॉर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बिल फिनेगन यांनी १९९४पासून हे पेडल हाताने बनवले. सारी मिळून आठ हजारांच्या आसपास. आत जर्मेनियमचे डायोड, आणि नऊ व्होल्ट घेऊन आतल्या आत ती वाढवणारी जुळणी, ज्यामुळे संकेताला हातपाय पसरायला जागा मिळते. परिपथ कोणी उतरवून घेऊ नये म्हणून फिनेगन यांनी त्यावर काळी राळ ओतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इथे बाजारभावाने खरी ठरली; जुन्या सेंटॉरला आज हजारो डॉलर मोजतात. पुढे कोणीतरी राळ खरवडली, परिपथ जगजाहीर झाला आणि क्लॉनचे क्लोन स्वस्तात मिळू लागले. शेवटी खुद्द फिनेगन यांनी आपल्या पुढच्या पेडलवर या अतोनात गाजावाज्यात आपला हात नसल्याचा खुलासा छापला. त्यानंतर त्या खुलाशाचाही गाजावाजा झाला.

पेडल पारखताना तीन फसवणुकी टाळायच्या असतात. पहिली मोठ्या आवाजाची. दोन आवाजांतला किंचित मोठा तो कानाला चांगला वाटतो. म्हणून पेडल चालू-बंद करून तुलना करताना लेव्हल अशी ठेवावी की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा राहील. एवढ्या एका नियमाने निम्मी खरेदी जागीच रद्द होते. दुसरी फसवणूक दुकानातल्या सामग्रीची. तिथली गिटार आपल्याहून महाग, अॅम्प आपल्याहून मोठा आणि वाजवून दाखवणारा आपल्याहून बरा असतो. त्या तिघांनी दिलेल्या आवाजाचे श्रेय पेडल घेते. उपाय म्हणजे आपली गिटार सोबत नेणे आणि आपल्या अॅम्पच्या भाऊबंदापुढे बसणे. तिसरी एकांताची. घरात एकट्याने छान लागलेला भरपूर फाटलेला, खालून गुरगुरणारा आवाज बँडमध्ये बासच्या अंगावर पडतो. चौघांत वाजवायचे असेल तर ड्राइव्ह घरच्याहून कमी आणि मधला आवाज घरच्याहून जास्त लागतो.

उरते ते किरकोळ, पण पेडल जाळण्याइतके किरकोळ. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्टची डीसी वीज लागते आणि प्लगची मधली पिन ऋण असते. घरात पडलेल्या अनेक अडॅप्टरांची ती धन असते, त्यामुळे 'पिन बसली म्हणजे चालेल' हा सिद्धांत महागात पडतो. बॅटरीवर चालवत असल्यास वाजवून झाल्यावर गिटारची वायर उपसून ठेवावी. बहुतेक पेडलांत ती वायर हाच विजेचा खटका असतो. लावलेली राहिली तर पेडल आता कोणीतरी वाजवेल या आशेने रात्रभर जागते आणि सकाळी प्राण सोडते. रांगेत ओव्हरड्राइव्ह गिटारच्या जवळ आणि प्रतिध्वनी देणारे पेडल त्याच्या पुढे, अॅम्पच्या बाजूला ठेवावे. उलट लावले तर प्रत्येक प्रतिध्वनीही फाटतो आणि एका चुकीच्या सुराचे सात चुकीचे सूर होतात.

दोन ओव्हरड्राइव्ह एकापुढे एक लावण्याचीही रीत आहे. पहिले थोडे फाडते, दुसरे त्याला ढकलते, आणि आवाज खरोखर भरतो. मात्र जोडीतले कोणते आधी हे ठरवताना तिसऱ्याची गरज भासू लागते. तिसरे आले की ती मांडायला फळी लागते, फळीला मोठा वीजपुरवठा लागतो, आणि त्यात जागा रिकामी राहिलेली बरी दिसत नाही.

पेडल जुळले की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ते बंद केल्यावर गिटार आणि अॅम्प बिचारे वाटत नाहीत आणि चालू केल्यावर अनोळखी वाटत नाहीत. मुख्य म्हणजे दोन गाण्यांच्या मधे वादक खाली वाकून बटणे फिरवायचे सोडून देतो. मिरजेच्या कारागिराचेही असेच असते. जवारी बसली की तो दोऱ्यावरचा हात काढतो, तंबोरा उभा करतो आणि गाणाऱ्याच्या हवाली करतो.